'गरीब' आणि 'कुर्अ' : अरबी कोशपरंपरेतील दुर्मिळ शब्दांचा प्रश्न

मराठी भाषकास 'गरीब' हा शब्द परका वाटत नाही. फार्सीच्या वाटेने तो मराठीत आला, आणि येईपर्यंत त्याचा अर्थ 'निर्धन' असा स्थिरावला होता. मूळ अरबी धातूचा अर्थ मात्र दूर जाणे, दृष्टीआड होणे, मावळणे असा आहे. सूर्य मावळतो ती दिशा म्हणून पश्चिमेस 'मगरिब' म्हणतात. अरबीत 'गरीब' म्हणजे आपल्या माणसांपासून दूर पडलेला, परमुलुखातला मनुष्य. परमुलुखात माणूस निराधार असतो, निराधार तो बहुधा निर्धनही असतो, या ओघाने आजचा मराठी अर्थ सिद्ध झाला. अरबी वैयाकरणांनी हेच विशेषण शब्दांना लावले. भाषेच्या रोजच्या वस्तीपासून दूर राहिलेला, ऐकणाऱ्यास अनोळखी वाटणारा शब्द तो 'गरीब' शब्द. अशा शब्दांचा शोध, संग्रह आणि अर्थनिर्णय यांतून इस्लामच्या पहिल्या तीन शतकांत एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार उभा राहिला, आणि पुढील सर्व अरबी कोश त्याच्या खांद्यावर उभे आहेत.

अल्-खत्ताबी (मृत्यू हि. ३८८, इ. स. ९९८) याने या 'गरीब'पणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. काही शब्द गूढार्थक असल्याने गरीब ठरतात. विचार केल्यावाचून त्यांचा अर्थ हाती येत नाही. दुसरे शब्द ज्या टोळीचे आहेत ती टोळी दूर राहते म्हणून गरीब. त्या टोळीत ते रोजचेच असतात. हा दुसरा प्रकार भाषाशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण दुर्मिळता हा शब्दाचा अंगभूत गुण नसून ती ऐकणारा कोठे उभा आहे यावर अवलंबून असते, हे त्यात गृहीत धरले आहे. दहाव्या शतकातील एका ग्रंथकाराने इतक्या स्वच्छपणे हा भेद करावा, ही गोष्ट लक्षणीय होय.

अर्थनिर्णयाची गरज प्रथम धर्मग्रंथाच्या संदर्भात निर्माण झाली. नाफिअ इब्न अल्-अझरक या खारिजी पुढाऱ्याने इब्न अब्बास (मृत्यू हि. ६८, इ. स. ६८७-८८) यास कुराणातील अवघड शब्द विचारले व त्याने प्रत्येकास जुन्या काव्याचा आधार देऊन उत्तर दिले, अशी परंपरा आहे. या प्रश्नोत्तरांचे आज उपलब्ध असलेले रूप उत्तरकालीन असावे, असेच बहुतेक अभ्यासकांस वाटते. तथापि पद्धत खरी आहे : धर्मग्रंथातील शब्दाचा अर्थ ठरवावयाचा तर इस्लामपूर्व वाळवंटातील कवीची साक्ष काढावयाची. या पद्धतीने भटक्या अरबाला भाषेच्या न्यायालयात साक्षीदाराचे स्थान मिळाले, आणि बसरा व कूफा येथील पंडित साक्षी नोंदविण्यासाठी बाहेर पडले.

अबू अम्र इब्न अल्-अला (मृत्यू हि. १५४), अल्-अस्मई, अबू झैद अल्-अन्सारी ही बसऱ्याच्या संग्राहकांतील ठळक नावे. बसऱ्याबाहेरील 'मिर्बद' या उंटांच्या बाजारात वाळवंटातले लोक येत आणि पंडित त्यांना गाठत. पुढे पुढे हे साक्षीदार स्वतःच शहरात राहू लागले. शब्द सांगणे हा त्यांचा व्यवसाय झाला. इब्न अन्-नदीम याने हि. ३७७ मध्ये रचलेल्या आपल्या 'फिहरिस्त' या ग्रंथसूचीत अशा वाक्पटू बद्दूंची यादीच दिली आहे. शब्द जितका अपूर्व तितकी सांगणाऱ्याची प्रतिष्ठा मोठी, अशी परिस्थिती आली की साक्षीची शुद्धता धोक्यात येते, हे सांगण्यास कोणी भाषाशास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. तत्कालीन पंडितांनाही ते कळत होते. म्हणूनच कोणत्या टोळीची साक्ष ग्राह्य धरावी याचे नियम झाले : कैस, तमीम, असद, हुझैल यांची भाषा विश्वसनीय; सरहद्दीवर सीरिया, इराण किंवा अबिसीनिया यांच्या शेजारी राहणाऱ्या टोळ्यांची अग्राह्य. या नियमाने अरबीचा एक मोठा भाग कोशाबाहेर राहिला, ही हानी आज भरून निघण्यासारखी नाही.

कूफ्याचा अबू अम्र अश्-शैबानी याचा 'किताबुल् जीम' हा टोळीवार शब्दसंग्रह या काळातील फार मोलाचा ग्रंथ आहे. पुष्कळ शब्दांबरोबर तो कोणत्या टोळीचा हे त्यात सांगितले आहे. ग्रंथास 'जीम' या वर्णाचे नाव का, याचा उलगडा कोणास झालेला नाही. ग्रंथाचा आरंभ तर अलिफाने होतो.

या सामग्रीतून शब्दांची वैकल्पिक रूपे पुढे आली. हिजाजमधील लोक शब्दातील हम्झा, म्हणजे कंठद्वारातील स्पर्श, गाळीत. तमीम टोळी तो स्पष्ट उच्चारी. लांडग्याला एकीकडे 'झीब', दुसरीकडे 'झिअ्ब'. तमीम लोक काही ठिकाणी हम्झाच्या जागी ऐन उच्चारीत. या लकबीला 'अन्अना' म्हणत. कुदाआ टोळीत शब्दान्तीच्या 'य्य'चा 'ज्ज' होई, ती 'अज्अजा'. हुझैल टोळीत 'हत्ता'चा 'अत्ता' होई, ती 'फहफहा'. या लकबींची नावे थट्टेची वाटतात आणि बहुधा थट्टेतूनच ती पडली असावीत. कोशकारांनी या रूपांची नोंद 'लुगा', म्हणजे बोलीतील रूप, अशा शेऱ्याने केली. 'अशुद्ध' असा शेरा मारला नाही. एखादे रूप एका टोळीपुरते असले तरी ती टोळी ग्राह्य असेल तर ते रूपही अरबीच, ही भूमिका त्यामागे होती.

या सर्व सामग्रीला पहिला साचा दिला तो अल्-खलील इब्न अहमद याने. त्याचा मृत्यू हि. १७० ते १७५ च्या दरम्यान झाला. त्याच्या 'किताबुल् ऐन' या कोशात वर्णांचा क्रम रूढ वर्णमालेचा नाही. कंठाच्या खोल भागातून निघणाऱ्या 'ऐन' या वर्णापासून प्रारंभ करून जिव्हा, दंत या स्थानांवरून तो ओष्ठ्य वर्णांपर्यंत येतो व अर्धस्वर शेवटी ठेवतो. संस्कृत वर्णमाला शिकलेल्या वाचकास हा क्रम पाहून आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. भारतीय शिक्षाग्रंथांचा प्रभाव खलीलवर पडला असावा, असा तर्क अनेकांनी केला आहे. पण त्यास लेखी आधार नाही. उच्चारस्थानांचे सूक्ष्म निरीक्षण दोन ठिकाणी स्वतंत्रपणे होणे अशक्य नाही, आणि कुराणपठणाच्या शिस्तीत त्याला प्रेरणाही होती. साम्य पाहून संबंध मानण्याची घाई करू नये.

खलीलची खरी प्रतिभा दुसऱ्या एका कल्पनेत आहे. अठ्ठावीस वर्णांतून दोन, तीन, चार व पाच वर्णांचे किती धातू संभवतात याचा हिशेब त्याच्या नावावर सांगितला जातो : अनुक्रमे ७५६, १९,६५६, ४,९१,४०० आणि १,१७,९३,६००, एकूण १,२३,०५,४१२. कोशकाराने हा सर्व संभव समोर ठेवावा, आणि प्रत्येक गटाविषयी तो 'मुस्तअमल' म्हणजे वापरातला, की 'मुहमल' म्हणजे टाकलेला, हे ठरवावे. दुर्मिळ शब्दाचे स्थान या दोन खणांच्या सीमेवर आहे. एका कवीच्या एका ओळीत आलेला शब्द 'वापरातला' म्हणावा काय? एका बद्दूने एकदाच उच्चारलेला? या प्रश्नाला खलीलच्या पद्धतीत निःसंदिग्ध उत्तर नाही, आणि पुढील सहाशे वर्षांचा वाद त्यातूनच वाढला.

वादाची धार लिपीमुळे वाढली. अरबी लिपीत ब, त, स, न, य हे वर्ण शब्दाच्या मध्ये एकाच दातऱ्याने लिहिले जातात; भेद केवळ नुक्त्यांचा. नुक्ता सुटला अथवा सरकला की नवा शब्द तयार होतो. या चुकीला 'तसहीफ' म्हणतात, आणि नेहमीच्या शब्दात ती झाली तर संदर्भाने पकडली जाते. गरीब शब्दात ती झाली तर पकडणार कोण? 'किताबुल् ऐन'मध्येच यस्रिब येथील औस व खझ्रज या टोळ्यांच्या प्रसिद्ध लढाईचे 'बुआस' हे नाव ऐनाऐवजी गैनाखाली 'बुगास' असे पडले. हा दोष खलीलचा नसून त्याच्या नावाने ग्रंथ पुरा करणाऱ्या अल्-लैसचा आहे, असे अल्-अझहरीने आवर्जून सांगितले आहे.

अल्-अझहरी (हि. २८२-३७०) याला असे बोलण्याचा अधिकार होता. इ. स. ९२४ च्या सुमारास करामिता पंथीयांनी हज यात्रेकरूंच्या काफिल्यावर हल्ला केला, त्यात तो सापडला आणि बद्दूंच्या एका टोळीच्या कैदेत पडला. हवाझिन टोळीचे हे लोक, त्यांच्यात तमीम व असदही मिसळलेले. हिवाळ्यात दहनाच्या वाळूत, उन्हाळ्यात पाण्याच्या ठिकाणी, असे त्यांच्याबरोबर फिरताना त्याने जे ऐकले ते 'तहझीबुल् लुगा' या कोशात आले. बाजारात शब्द विकत घेणाऱ्या पंडितांत आणि त्याच्यात हे अंतर आहे. कैदेस त्याने आपत्ती म्हटले आहे खरे, पण अरबी कोशशास्त्रास ती लाभली.

उलट, केवळ लेखणीच्या प्रमादातून शब्द कसा जन्मास येतो याचे उत्कृष्ट उदाहरण अल्-जौहरीच्या 'सिहाह' या कोशाच्या इतिहासात आहे. 'सिहाह' म्हणजे 'शुद्ध शब्द'. नावातच प्रतिज्ञा आहे. परंपरा अशी की, ग्रंथाची स्वच्छ प्रत जौहरीच्या हातून 'दाद' या वर्णापर्यंतच झाली. मग निशापूर येथे लाकडी पंख बांधून त्याने मशिदीच्या छपरावरून उडी घेतली आणि त्यातच त्याचा अंत झाला. उरलेला मसुदा त्याच्या शिष्याने लिहून काढला व त्यात चुका राहिल्या. त्या चुकांत एक 'जुरासिल' हा शब्द सांगतात, अर्थ 'पर्वत'. वास्तविक मूळ नोंद 'अल्-जर्र : अस्लुल् जबल', म्हणजे 'जर्र = पर्वताचा पायथा' अशी होती. 'जर्र' आणि 'अस्ल' यांमधील जागा लेखनात नाहीशी झाली, दोन्ही मिळून जीम, रे, अलिफ, साद, लाम अशी एक अक्षरमालिका झाली, आणि 'जुरासिल : पर्वत' ही नोंद सिद्ध झाली. शब्द न तोडता लिहिलेले मोडी कागद ज्याने वाचले आहेत त्याला या अपघाताचे नवल वाटणार नाही.

नवल पुढे आहे. फिरोझाबादीने (हि. ७२९-८१७) आपल्या 'अल्-कामूस अल्-मुहीत' या कोशात 'जर्र'च्या नोंदीत पायथा हा अर्थ देऊन लगेच असेही म्हटले की, हा अल्-फर्राचा तसहीफ असावा व खरा शब्द 'जुरासिल' होय! भूत खरे ठरले, आणि माणूस भूत. ही गाठ सोडविली ती अठराव्या शतकात मुर्तझा झबीदीने. फिरोझाबादीने स्वतःच्या कोशात 'जुरासिल' या शब्दाची स्वतंत्र नोंद केलेली नाही आणि गरीब शब्दांच्या कोणाही अधिकारी पंडिताने तो सांगितलेला नाही. सबब 'जर्र' हाच शब्द खरा व तसहीफाचा आरोप निराधार, असा त्याचा युक्तिवाद. साक्षीच्या अभावावरून निर्णय घेण्याची ही रीत आजच्या पाठचिकित्सेस शोभेल अशी आहे.

या कोशपरंपरेत हिंदुस्थानचा वाटा सामान्यतः समजला जातो त्याहून मोठा आहे. अस्-सगानी हि. ५७७ (इ. स. ११८१) मध्ये लाहोर येथे जन्मला. बगदादच्या खलिफाने त्याला दोनदा दिल्ली दरबारी वकील म्हणून पाठविले. 'अल्-उबाब' हा त्याचा महाकोश 'बकम' या धातूपर्यंत येऊन थांबला, कारण तेथे हि. ६५० मध्ये त्याला मृत्यू आला. त्या धातूचा अर्थ 'मुका असणे', आणि समकालीनांनी या योगायोगावर काव्य केल्यावाचून सोडले नाही. स्वतः फिरोझाबादी दिल्लीस येऊन गेला होता. त्याच्या ग्रंथाच्या नावातील 'कामूस' या शब्दाचा अर्थ महासागर. पण ग्रंथ इतका मान्य झाला की अरबीत कोणत्याही कोशाला कामूस म्हणू लागले. त्या 'कामूस'वर 'ताजुल् अरूस' हे विशाल भाष्य लिहिणारा झबीदी अयोध्या प्रांतातील बिलग्राम येथे हि. ११४५ (इ. स. १७३२) मध्ये जन्मला, दिल्लीस शाह वलीउल्लाहजवळ त्याने अध्ययन केले, येमेनमधील झबीद गावी राहिल्याने ते नाव त्यास चिकटले, आणि कैरो येथे ग्रंथ पुरा करून तो तेथेच प्लेगने मरण पावला. त्याच्या कोशातील नोंदींची संख्या सुमारे १,२०,००० सांगतात. 'लिसानुल् अरब'च्या ८०,००० व 'कामूस'च्या ६०,००० शी ती ताडून पाहावी. मुद्रणकाळातही ही परंपरा तुटली नाही. 'कामूस' १८१७ मध्ये कलकत्त्यास छापला गेला. इब्न दुरैदचा 'जम्हरा' आणि अबू उबैदचा हदीसमधील गरीब शब्दांवरील ग्रंथ विसाव्या शतकात हैदराबादच्या दाइरतुल् मआरिफने प्रसिद्ध केला.

एडवर्ड लेन या इंग्रज पंडिताने कैरोस राहून 'ताजुल् अरूस'च्या आधारे आपला अरबी-इंग्रजी कोश रचला; १८६३ ते १८९३ या काळात तो प्रसिद्ध झाला. त्याची मूळ योजना दोन खंडांची होती : पहिल्यात विद्वानांस सामान्यतः परिचित असलेले शब्द व अर्थ, दुसऱ्यात विरळ असलेले. लेन १८७६ मध्ये वारला तेव्हा पहिल्या खंडातील काम 'काफ' वर्णाशी रेंगाळत होते. दुसरा खंड निघालाच नाही. म्हणजे इंग्रजीतून अरबी अभ्यासणाऱ्या पिढ्यांना जो कोश प्रमाण म्हणून मिळाला, त्यातून गरीब शब्द योजनापूर्वकच वगळलेले आहेत. जर्मन पंडितांनी लेनचे अपुरे वर्ण भरून काढण्यासाठी १९५७ पासून जो कोश काढावयास घेतला, तो 'काफ' आणि 'लाम' या दोन वर्णांपुरता होऊन २००९ मध्ये थांबला.

रूपांपेक्षा अर्थांचा गुंता अधिक बिकट आहे. अरबी पंडितांनी परस्परविरुद्ध दोन अर्थ असलेल्या शब्दांचा एक वर्गच कल्पिला. त्यास 'अद्दाद' म्हणतात. कुत्रुब (मृत्यू हि. २०६) याने त्यावर प्रथम ग्रंथ रचला, अल्-अस्मई, इब्न अस्-सिक्कीत, अबू हातिम अस्-सिजिस्तानी यांनी त्यात भर घातली, लाहोरच्या सगानीनेही एक यादी केली. या सर्वांत प्रौढ ग्रंथ इब्न अल्-अन्बारीचा (हि. २७१-३२८). अरबांच्या भाषेत एकाच शब्दाने काळे आणि पांढरे दोन्ही सांगितले जाते, यावरून त्यांच्या बुद्धीस हसणारे लोक होते. त्यांना उत्तर देणे हा त्याचा हेतू. वाक्याचा पूर्वापर संबंध अर्थ निश्चित करतो, म्हणून संदिग्धता केवळ वरवरची आहे, असे तो सांगतो. उलट, इब्न दुरुस्तवैहीने अद्दाद असे काही नाहीच, असे प्रतिपादिले.

या याद्यांतील शब्द एका जातीचे नाहीत, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. काही केवळ शुभवचनातून आले आहेत. सर्प डसलेल्यास 'सलीम' म्हणजे सुखरूप म्हणत. पाणी नसलेल्या रानास 'मफाझा' म्हणजे सुटकेची जागा म्हणत. मराठीत नारळ 'वाढवतात', बांगडी 'वाढते', निघणारा पाहुणा 'येतो' म्हणून सांगतो. त्यावरून मराठी माणसाला फुटणे आणि वाढणे यांतला फरक कळत नाही असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. काही शब्द दोन बोलींचे आहेत. 'सुदफा' म्हणजे तमीम टोळीत अंधार, कैस टोळीत उजेड. 'लमक' म्हणजे उकैल टोळीत लिहिणे, इतर कैसांत पुसणे. यात विरोध शब्दाच्या पोटात नाही; तो दोन वस्त्यांमध्ये आहे व कोशकाराने दोन्ही एका ओळीत आणल्याने निर्माण झाला आहे. 'जौन' (काळा आणि पांढरा) या शब्दाची नल्डेके या जर्मन सेमिटिकतज्ज्ञाने लावलेली उपपत्ती सर्वांत समाधानकारक आहे : हा मूळ इराणी शब्द, अर्थ केवळ 'रंग', आरामाइकमध्येही तो याच अर्थाने गेला आहे. रंग कोणता, ते संदर्भाने ठरे.

'वसब' या धातूची कथा येथे सांगण्यासारखी आहे. उत्तरेकडील एक अरब हिम्यर राजाच्या भेटीस झफार येथे गेला. राजा त्याला 'सिब्' म्हणाला. दक्षिणेत याचा अर्थ 'बैस', उत्तरेत 'उडी मार'. पाहुण्याने आज्ञा पाळली व उंचावरून उडी घेऊन तो मेला. ही कथा रचलेली असू शकेल, पण तिच्यातला भाषिक तपशील खरा आहे. अरबी 'स' (दन्त्य घर्षक) जेथे येतो तेथे हिब्रूत 'श' येतो, आणि हिब्रूत 'याशब' म्हणजे बसणे. तेव्हा दक्षिणेचा अर्थ प्राचीन असून उत्तरेच्या अरबीत तो बदलला, असे मानण्यास आधार आहे. कोशकारांनी करमणुकीसाठी जपलेल्या कथेतून तौलनिक भाषाशास्त्राला पुरावा मिळावा, हे वारंवार घडलेले नाही.

आता ज्या अद्दाद शब्दाचा निर्णय ग्रंथालयाबाहेर मोलाचा ठरला, त्याकडे वळावयाचे. 'कुर्अ' अथवा 'कर्अ' (दोन्ही रूपे मान्य आहेत, अनेकवचन 'कुरूअ' आणि 'अक्रा') हा शब्द कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील २२८ व्या आयतीत येतो. घटस्फोटित स्त्रीने पुनर्विवाहापूर्वी तीन 'कुरूअ' थांबावे, अशी तेथे आज्ञा आहे. कोश सांगतात, 'कुर्अ' म्हणजे मासिक विटाळ, आणि 'कुर्अ' म्हणजे दोन विटाळांमधला शुद्धिकाल. आज्ञा स्पष्ट, संख्या स्पष्ट; मोजावयाचे काय, तेवढेच अस्पष्ट.

पहिल्या पिढीतच मतभेद झाला. आयशा, झैद इब्न साबित व इब्न उमर यांच्या नावे शुद्धिकालाचा अर्थ सांगितला जातो. उमर, अली व इब्न मसऊद यांच्या नावे विटाळाचा. पुढे मदीनेचा मालिक आणि त्यामागून शाफिई यांनी पहिला अर्थ स्वीकारला. कूफ्याच्या अबू हनीफाने दुसरा. अहमद इब्न हंबलची दोन्ही मते नोंदलेली असून उत्तरकालीन मत विटाळाकडे आहे. यावरून कोशकारांनी सोपा निकाल लावला : हिजाजच्या बोलीत 'कुर्अ' म्हणजे शुद्धिकाल, इराकच्या बोलीत विटाळ. 'सुदफा'प्रमाणे हाही बोलीभेदच. परंतु हा निकाल जितका सुटसुटीत तितका विश्वसनीय नाही. उमर आणि अली हे मक्केचे. त्यांची बोली हिजाजचीच. त्यांचे मत कूफ्याच्या शिष्यपरंपरेतून पुढे आले म्हणून ते इराकी दिसते, एवढाच फार तर निष्कर्ष निघेल. बोलीभेद आधी आणि धर्मशास्त्रीय मतभेद नंतर, असा क्रम नसून मतभेद आधी झाला व बोलीभेद त्यास कारण म्हणून मागाहून जोडला गेला, हे अधिक संभवनीय आहे. टोळीचे नाव घेऊन साक्ष देणारा कोणी अश्-शैबानी या शब्दाला लाभलेला नाही. हिजाज आणि इराक ही नावे पंथांच्या नकाशावरील आहेत, टोळ्यांच्या नव्हेत.

वैयाकरणांनी शब्दाच्या रूपावर फार खल केला. अरबीत तीनपासून दहापर्यंतचे संख्यावाचक पद मोजलेल्या नामाच्या उलट लिंगात येते. आयतीत 'तीन' हे पद स्त्रीलिंगी प्रत्ययासह आहे. सबब मोजलेली वस्तू पुल्लिंगी, आणि 'तुहर' (शुद्धिकाल) हा शब्द पुल्लिंगी आहे, तर 'हैदा' (एक विटाळ) स्त्रीलिंगी, असा शाफिई पक्षाचा युक्तिवाद. उत्तर सोपे आहे : संख्येचे लिंग उच्चारलेल्या शब्दाला अनुसरते, त्याच्या अर्थाला नव्हे, आणि 'कुर्अ' हा शब्द स्वतःच पुल्लिंगी आहे. हनफी पक्षाने संख्येवर भर दिला. घटस्फोट शुद्धिकालात द्यावा असा विधी आहे. तो चालू शुद्धिकाल मोजला तर दोन पुरे व एक अपुरा होतो, आणि तीन म्हणजे तीन. यावर प्रतिपक्षाचे म्हणणे, अंशालाही पूर्णाचे नाव देण्याची अरबीची रीत आहे. मग अनेकवचनाच्या दोन रूपांत अर्थ वाटून देण्याचाही प्रयत्न झाला : शुद्धिकालाचे अनेकवचन 'कुरूअ', विटाळाचे 'अक्रा'. 'कामूस'मध्ये ही वाटणी पर्यायी मत म्हणून नोंदली आहे. दोन्ही पक्षांचे मुख्य पुरावे पाहिले म्हणजे तिचा उगम कळतो. शुद्धिकालवादी आअ्शा या कवीच्या ज्या ओळीचा आधार घेतात, तिच्यात मोहिमेवर गेलेल्या पुरुषाच्या हातून स्त्रियांचे 'कुरूअ' वाया गेले असा आशय आहे. विटाळवादी ज्या हदीसचा आधार घेतात, तिच्यात स्त्रीने आपल्या 'अक्रा'च्या दिवसांत नमाज सोडावा असे आहे. एकेका पुराव्यातील रूप उचलून त्याला नियमाचे स्वरूप दिले गेले, इतकेच.

अबू अम्र इब्न अल्-अला याचे मत या सर्वांहून वेगळे होते आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने तेच ग्राह्य वाटते. 'कुर्अ' म्हणजे ठराविक वेळ. वारा आपल्या 'कुर्अ'ला वाहतो असाही प्रयोग होई. फिरून येणारी वेळ म्हटली की तीत येणेही आले आणि जाणेही आले. बोलणाऱ्याच्या मनात जे असेल ते नाव तिला मिळते. मराठीतील 'पाळी' या शब्दाचा विचार करावा. गिरणीतली पाळी, पाणी देण्याची पाळी, आणि स्त्रीची पाळी. मूळ अर्थ क्रमाने येणारी वेळ एवढाच. मराठीत रूढीने एक अर्थ पक्का केला. अरबीत तो पक्का होण्यापूर्वीच शब्द वापरातून गेला, आणि एका विधिवाक्यात अडकून पडला. म्हणूनच तो गरीब.

शाफिई आणि अबू उबैद यांचा या शब्दावर वाद झाला व शेवटी प्रत्येकाने दुसऱ्याचे मत स्वीकारले, अशी एक कथा पंथाच्या इतिहासांत आहे. तिचे ऐतिहासिक मूल्य थोडे. पण दोन्ही बाजू किती तुल्यबल समजल्या जात, हे ती दाखविते.

व्यवहारात फरक काही दिवसांचा पडतो. शुद्धिकाल मोजणाऱ्यांच्या मते स्त्रीला तिसरा शुद्धिकाल संपून विटाळ सुरू होताच इद्दत संपते. विटाळ मोजणाऱ्यांच्या मते तो विटाळ पुरा व्हावा लागतो. परंतु त्या काही दिवसांत पुष्कळ काही घडू शकते. परत घेण्याजोगा घटस्फोट असेल तर तोपर्यंत पतीला तो मागे घेता येतो. त्या अवधीत पती मेला तर स्त्री वारस ठरते. दुसरा विवाह त्या अवधीत झाला तर तो वैध नव्हे. एकाच तारखेस स्त्री एका अर्थाने पत्नी असते आणि दुसऱ्या अर्थाने परकी.

महाराष्ट्रात हे दोन्ही अर्थ एका घाटाच्या अंतराने नांदतात. अरबी समुद्राच्या व्यापाराशी बांधलेला कोकणी मुसलमान समाज शाफिई पंथाचा आहे. देशावरील व मराठवाड्यातील मुसलमान प्रायः हनफी. इंग्रजी अमलात न्यायालयांसमोर आलेले आधारग्रंथ मात्र मुख्यतः हनफी होते. हॅमिल्टनने 'हिदाया'चे फार्सीवरून केलेले इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये निघाले, आणि वकिलांच्या कपाटात तेच राहिले. स्वतंत्र भारतात शाहबानो प्रकरणाच्या १९८५ मधील निकालानंतर मुस्लिम स्त्रियांच्या घटस्फोटोत्तर हक्कांविषयीचा १९८६ चा अधिनियम झाला. त्याच्या दुसऱ्या कलमात 'इद्दत'ची व्याख्या आहे : ऋतुप्राप्ती असलेल्या स्त्रीच्या बाबतीत घटस्फोटानंतरचे तीन विटाळ. पंथाचा भेद तेथे केलेला नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॅनियल लतिफी प्रकरणात या अधिनियमाचा अर्थ लावताना असे ठरविले की, स्त्रीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद पतीने इद्दतच्या मुदतीच्या आत करावयाची आहे. त्या तरतुदीपुरता रत्नागिरीच्या शाफिई स्त्रीसाठीही 'कुर्अ' या शब्दाचा कूफ्याचा अर्थ लागू आहे. अधिनियमाच्या इंग्रजी पाठात तो शब्द कोठेही आलेला नाही.